एमएल पाइपलाइन कोडमधून कशी ट्रिगर करावी: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

स्क्रीनवरचं बटण दाबून एमएलची (मशीन लर्निंगची) पाइपलाइन चालवणं पहिल्याच दिवशी जमतं. तेच काम कोडमधून करायचं म्हटलं की गाडी अडते. टोकन, म्हणजे सर्व्हरला ओळख पटवणारी किल्ली, कुठून आणायचं कळत नाही. रिक्वेस्ट जाते पण रन, म्हणजे पाइपलाइनची एक फेरी, दिसत नाही. रन दिसतो पण जागचा हलत नाही. कधी तर एकाच दिवसाची दोन मॉडेलं तयार होऊन बसतात. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नव्याने डेटा टीमला लागलेल्या पोरापोरींना हे सगळं कोणाला तरी विचारत फिरावं लागतं, आणि ज्याला येतं तो नेमका सुट्टीवर असतो. म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे. कळमना बाजारातल्या संत्र्याचा रोजचा भाव आणि आवक यांची फाइल येते. पाइपलाइन ती वाचते, साफ करते, पुढच्या आठवड्याच्या भावाचा अंदाज देणारं मॉडेल ट्रेन करते, त्याची परीक्षा घेते आणि पास झालं तर रजिस्ट्रीत, म्हणजे तयार मॉडेलांच्या कोठारात, ठेवते. आता ही पाइपलाइन रोज संध्याकाळी सहाला लावून मोकळं का होऊ नये? कारण लिलाव कधी आटोपेल आणि आकडे कधी चढतील याला वेळेचं बंधन नाही. सहाला लावलं आणि फाइल सातला आली, तर मॉडेल कालच्याच आकड्यांवर ट्रेन होतं, वर हिरवी खूण दाखवतं. त्यापेक्षा फाइल आली की पाइपलाइनला हाक जावी, हे बरं.

पाइपलाइन चालवणारं टूल म्हणून एअरफ्लो घेतलं आहे. ते फुकट आहे, आपल्या लॅपटॉपवर चालतं आणि बऱ्याच टीममध्ये सापडतं. सेजमेकर, व्हर्टेक्स किंवा गिटहब ॲक्शन्स वापरत असाल तरी क्रम हाच. कुठे फरक पडतो ते त्या-त्या ठिकाणी सांगितलं आहे. नेमक्या कमांड आवृत्तीगणिक बदलतात, त्या तुमच्या आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशनमधून उचला. इथे क्रम आणि खड्डे आहेत.

आधी हे जमवून ठेवा

- पाइपलाइनचा नेमका आयडी. स्क्रीनवर दिसणारं नाव आणि आयडी वेगळे असू शकतात.
- सर्व्हरचा पत्ता आणि एअरफ्लोची आवृत्ती. २ आणि ३ यांत बराच फरक आहे.
- सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाचं नव्हे तर स्क्रिप्टचं खातं. तुमचं स्वतःचं लॉगिन नव्हे.
- पाइपलाइन कोणते पॅरामीटर घेते, त्यांचे प्रकार आणि डिफॉल्ट किमती.
- रिक्वेस्ट पाठवायला कर्ल (कमांड लाइनवरून) किंवा पोस्टमन, आणि पायथनमधली रिक्वेस्ट्स लायब्ररी.
- टेस्टिंगसाठी वेगळा सर्व्हर. तो नसेल तर निदान दहा-वीस ओळींची छोटी फाइल आणि मॉडेल ठेवायला वेगळी जागा.
- घरून काम करणार असाल तर व्हीपीएन. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो. सर्व्हरवर ऑफिसचाच आयपी मोकळा केलेला असेल तर रिक्वेस्ट लटकून राहते, आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.
- लॉग बघायची परवानगी. ती नसेल तर वरचं सगळं असूनही आंधळी कोशिंबीर आहे. पहिल्याच दिवशी मागून घ्या.

१. पाइपलाइन आधी हाताने चालवून बघा

ज्या पॅरामीटरने ती कोडमधून चालवणार आहात, त्याच पॅरामीटरने एकदा बटणावरून चालवा. तिथे फेल गेली तर एपीआयचा (कोडमधून हाक मारायच्या दाराचा) काही दोष नाही, पाइपलाइनच बिघडलेली आहे. चालली तर तो रन उघडून त्याचा आयडी, त्याला मिळालेले पॅरामीटर आणि लागलेला वेळ टिपून ठेवा. पुढे या वेळेवरून किती वाट बघायची ते ठरवायचं आहे.

२. घड्याळाला रजा द्या आणि पॉज काढा

पाइपलाइन फक्त हाकेवर चालायची असेल तर डॅगमधलं (एअरफ्लोमध्ये पाइपलाइनला डॅग म्हणतात) शेड्यूल 'नन' करा. शेड्यूलही चालू आणि ट्रिगरही चालू अशी दुहेरी व्यवस्था 'राहू दे, सेफ आहे' म्हणून ठेवतात, आणि मग एकाच दिवसाचे दोन रन एकमेकांच्या फाइलींवर लिहितात.

दुसरी गोष्ट, नवा डॅग एअरफ्लोमध्ये डिफॉल्टने पॉज अवस्थेत येतो. पॉज असलेल्या डॅगला एपीआयमधून ट्रिगर केलं तर एरर येत नाही. रिक्वेस्ट स्वीकारली जाते, रन तयार होतो आणि 'क्यूड' लिहिलेला तसाच पडून राहतो. स्क्रीनवरून ट्रिगर करताना पॉज काढण्याचा पर्याय समोर दिसतो, म्हणून तिथे हे जाणवत नाही. एपीआयला पॉज वेगळा काढावा लागतो. 'रिक्वेस्ट गेली पण काहीच होत नाही' अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी पॉजच बघतो.

एका वेळी एकच रन चालावा असं हवं असेल, आणि मॉडेल ट्रेन करताना बहुधा तसंच हवं असतं, तर मॅक्स ॲक्टिव्ह रन्स १ ठेवा. दुसरी हाक आली तर ती रांगेत उभी राहील.

३. पॅरामीटर आधी कागदावर लिहा

आपल्या उदाहरणात चार पुरतात: कोणत्या दिवसाचा डेटा, फाइलचा पूर्ण पत्ता, कोडची आवृत्ती, आणि हा खरा रन आहे की चाचणी. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच द्या. ०३/११ म्हणजे आपल्याला तीन नोव्हेंबर, पण कोणत्या लायब्ररीला अकरा मार्च वाटेल याचा नेम नाही.

एअरफ्लोमध्ये पॅरामीटरला प्रकार लावता येतो: हा आकडा, ही तारीख, हा या तीन पर्यायांपैकीच एक. तो जरूर लावा. मग चुकीचं पॅरामीटर दारातच ४०० (म्हणजे 'रिक्वेस्ट चुकीची' असा एरर कोड) घेऊन परत जातं. ट्रेनिंग अर्ध्यावर आल्यावर फुटत नाही.

'आजचा डेटा' असं पॅरामीटर मात्र ठेवू नका. एअरफ्लोचं घड्याळ मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात नागपुरात तारीख बदललेली असते, सर्व्हरच्या लेखी अजून कालचाच दिवस असतो. उशिरा आलेल्या फाइलसाठी रात्री एक वाजता ट्रिगर झाला की तारीख एक दिवसाने मागे. टाइमझोन एशिया-कोलकाता करून हा घोळ कमी होतो, पण खरा उपाय एकच: तारीख डेटातून घ्या, घड्याळातून नको.

४. टोकन

एअरफ्लो २ मध्ये डिफॉल्ट व्यवस्था ब्राउझरच्या सेशनवर चालते. स्क्रिप्टमधून युजरनेम-पासवर्ड पाठवायचा तर ॲडमिनला सेटिंगमध्ये बेसिक ऑथ चालू करावं लागतं. ते नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही ४०१ ('ओळख पटली नाही') येत राहील. एअरफ्लो ३ मध्ये आधी टोकनच्या पत्त्यावर जाऊन टोकन घ्यायचं आणि मग प्रत्येक रिक्वेस्टच्या हेडरमध्ये 'बेअरर' या शब्दापुढे ते लावायचं. टोकनला मुदत असते, म्हणून ते कोडमध्ये चिकटवण्यात अर्थ नाही. स्क्रिप्टनेच ते वेळेवर नवं घ्यावं.

टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये किंवा सीक्रेट मॅनेजरमध्ये ठेवा. पत्त्याच्या ओळीत कधीच नको, कारण पत्ते सर्व्हरच्या लॉगमध्ये जसेच्या तसे उतरतात. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हे घे टोकन' म्हणून टाकलेलं टोकन त्याच क्षणी रद्द समजा. सर्व्हिस अकाउंटला या एका पाइपलाइनपुरतीच परवानगी द्या. स्वतःच्या नावाचं लॉगिन वापरलं तर तुम्ही नोकरी बदलताच पाइपलाइन बंद पडते, आणि मग जुन्या टीमचे फोन तुम्हालाच येतात.

५. पहिली रिक्वेस्ट

पहिली रिक्वेस्ट कर्लने करा, पायथनने नको. मधे कोड जितका कमी, तितकं चूक कुठे आहे ते लवकर कळतं.

एअरफ्लो २ मध्ये सर्व्हरच्या नावापुढे 'एपीआय' आणि 'व्ही१' येतं, ३ मध्ये 'व्ही१'च्या जागी 'व्ही२'. त्यापुढे 'डॅग्ज', मग तुमच्या डॅगचा आयडी, आणि शेवटी 'डॅगरन्स', ज्यातला आर मोठ्या लिपीत असतो. पद्धत पोस्ट. कंटेंट टाइप जेसन. आत 'कॉन्फ' नावाखाली तुमचे पॅरामीटर आणि सोबत तुम्ही ठरवलेला रन आयडी. एअरफ्लो ३ मध्ये लॉजिकल डेट हा रकानाही द्यावाच लागतो, पण त्यात नल चालतं. जुना कोड नव्या सर्व्हरवर आणला की तो बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी अडतो: व्ही१ तसंच राहिलेलं असतं किंवा हा रकाना नसतो.

इथले नेहमीचे खड्डे:

- वर्डमधून किंवा फोनवरून कॉपी केलेल्या जेसनमध्ये सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वाकडी येतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, सर्व्हरला दिसतो.
- विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला एकेरी अवतरण चिन्हं कळत नाहीत. जेसन वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि कर्लला त्या फाइलचं नाव द्या.
- पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये 'डेटा'खाली डिक्शनरी दिली तर ती फॉर्म म्हणून जाते. 'जेसन'खाली द्या, हेडरही आपोआप लागतं.
- त्याच लायब्ररीला डिफॉल्ट टाइमआउट नाही. तुम्ही दिला नाही तर स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत अनंतकाळ बसू शकते. प्रत्येक रिक्वेस्टला टाइमआउट द्या.

सगळं जुळलं तर २०० (यशाचा कोड) येतो आणि उत्तरात रनची अवस्था 'क्यूड' दिसते. २०० चा अर्थ एवढाच की तुमची हाक नोंदवली गेली. मॉडेल तयार झालं, डेटा वाचला गेला, निदान पाइपलाइन सुरू झाली, यातलं काहीही त्याने सिद्ध होत नाही. गिटहब ॲक्शन्सला बाहेरून ट्रिगर करताना २०४ (हाही यशाचाच कोड) आलेला बघून 'झालं' म्हणणाऱ्यांचंही असंच होतं.

६. रन आयडी तुम्हीच ठरवा

ही पायरी बहुतेक ट्युटोरियलमध्ये नसते. सगळ्यात जास्त डोकेदुखी मात्र इथेच वाचते, त्यामुळे इथे जरा थांबू.

तुम्ही रन आयडी दिला नाही तर एअरफ्लो स्वतः बनवतो: 'मॅन्युअल' आणि त्यापुढे त्या क्षणाची वेळ. आता समजा तुमची रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचली, रन तयार झाला, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटलं. स्क्रिप्टला दिसतो फक्त टाइमआउट. रन झाला की नाही, तिला कळायला मार्ग नाही. ती पुन्हा हाक मारते, नव्या वेळेचा नवा आयडी बनतो आणि दुसरा रन सुरू होतो. कळमन्याच्या एकाच दिवसाच्या फाइलवर दोन ट्रेनिंग, रजिस्ट्रीत दोन मॉडेलं, आणि क्लाउडवर असाल तर बिलही दुप्पट.

आयडी तुम्ही दिला असेल तर हेच प्रकरण साधं होतं. पाइपलाइनचं नाव, बाजार, डेटाची तारीख आणि फाइलची आवृत्ती (कोडची नव्हे) एवढं जोडून आयडी बनवा: संत्रा, कळमना, २०२५-११-१८, आवृत्ती १. त्याच फाइलसाठी हाक कितीही वेळा गेली तरी आयडी तोच राहील. पहिल्या हाकेने रन तयार झाला असेल तर दुसऱ्या हाकेला ४०९ मिळतो, म्हणजे 'हा रन आधीच आहे'. तुमच्या कोडमध्ये ४०९ ला एरर मानू नका. 'ठीक आहे, आधीच पोचलंय' असं समजून थेट पुढच्या पायरीला जा.

फाइल दुरुस्त होऊन पुन्हा आली आणि खरंच परत ट्रेन करायचं असेल तर आवृत्ती २ करा. हे जाणूनबुजून करावं लागतं, आणि तेच बरं आहे.

आयडी मराठीत लिहायचा मोह होईल, पण एअरफ्लो डिफॉल्टने फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकीच चिन्हं स्वीकारतो. देवनागरी आयडी परत पाठवला जातो. अधिकचं चिन्ह आणि विसर्गासारखे दोन टिंब चालतात, पण तेही टाळा. एअरफ्लोच्या स्वतःच्या आयडीत वेळेसोबत अधिकचं चिन्ह येतं. तो आयडी नंतर पत्त्यात घालून रनची अवस्था विचारताना ते चिन्ह एन्कोड न केल्यामुळे काही ठिकाणी त्याची मोकळी जागा होते आणि ४०४ ('सापडलं नाही') येतो. रन समोर दिसतोय आणि सर्व्हर म्हणतो असा रनच नाही! साधी अक्षरं, आकडे आणि मधे रेघ, बस.

सेजमेकरमध्ये हेच काम क्लायंट रिक्वेस्ट टोकन नावाचा रकाना करतो. तोही डेटाच्या तारखेवरूनच बनवा. दर वेळी नवा रँडम टोकन बनवणारा कोड सर्रास दिसतो, आणि त्याने त्या रकान्याचा सगळा उपयोग जातो.

७. निकाल लागेपर्यंत पाठ सोडू नका

हाक मारली, आता ओ येईपर्यंत थांबायचं. मार्ग दोन.

पहिला, विचारत राहणं. पाचव्या पायरीतल्याच पत्त्याला शेवटी रन आयडी जोडून गेट रिक्वेस्ट करा, अवस्था मिळते: क्यूड, रनिंग, सक्सेस किंवा फेल्ड. ट्रेनिंगला वीस मिनिटं लागत असतील तर दर सेकंदाला विचारून सर्व्हरला त्रास देऊ नका, अर्ध्या-एक मिनिटाने विचारा. आणि मर्यादा घाला. पहिल्या पायरीत टिपलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ गेला तरी निकाल नाही, तर थांबायचं आणि माणसाला कळवायचं. रन बराच वेळ 'क्यूड'च असेल तर तो निरोप वेगळा द्या, कारण त्याची कारणं वेगळी असतात: पॉज, भरलेली रांग किंवा बंद पडलेला शेड्युलर.

ही विचारत राहणारी स्क्रिप्ट स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नका. मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली, वायफाय गेलं, की स्क्रिप्ट मेली. पाइपलाइन तिकडे चालूच असते आणि निकाल ऐकायला कोणी नसतं.

दुसरा मार्ग, पाइपलाइनलाच कळवायला सांगणं. एअरफ्लोमध्ये यश आणि अपयश दोन्हींसाठी कॉलबॅक, म्हणजे निकाल लागताच आपोआप चालणारं फंक्शन, लावता येतात. लांबलचक ट्रेनिंगला हाच बरा. पण कॉलबॅक हरवूही शकतो. म्हणून मी कॉलबॅक ठेवतो आणि जोडीला रात्री एकदा त्या दिवसाच्या रनची अवस्था विचारणारी छोटी स्क्रिप्टही ठेवतो.

'सक्सेस'वरही डोळे मिटून विश्वास नको. व्हर्टेक्स आणि क्युबफ्लो पाइपलाइन्समध्ये कॅशिंग असतं: एखाद्या पायरीचे इनपुट आधीसारखेच असतील तर ती पायरी पुन्हा न चालवता जुनाच निकाल वापरला जातो. डेटा आणणाऱ्या पायरीला तारीख किंवा फाइलची आवृत्ती पॅरामीटर म्हणून दिलीच नसेल, तर तिच्या लेखी रोज सगळं सारखंच असतं. पाइपलाइन काही सेकंदांत हिरवी होते आणि मॉडेल जुन्या डेटाचं निघतं. एरवी वीस मिनिटं घेणारा रन चटकन संपला तर आनंद मानू नका, लॉग उघडा.

दुसरी शंका डेटाची. संत्र्याचे बहार दोन: आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. मधल्या काळात आवक आटते, सणाला बाजार बंद असतो. तेव्हा 'फाइल आली, पण आवक नाही' आणि 'फाइलच आली नाही' या दोन गोष्टी पाइपलाइनने वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पाइपलाइनच्या पहिल्याच टास्कमध्ये ओळींची संख्या तपासा. डेटा डॉट गव्ह डॉट इनवरून बाजारभाव घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथल्या नमुन्याच्या एपीआय कीने दहाच नोंदी मिळतात. स्वतःची की न घेता तशीच पाइपलाइन लावली तर मॉडेल दहा ओळींवर ट्रेन होईल आणि कोणतीही एरर येणार नाही.

मॉडेल पास करायची अटही पाइपलाइनमध्येच ठेवा. 'उद्याचा भाव आजचाच' हा आळशी अंदाज मॉडेलला हरवत असेल, तर ते मॉडेल रजिस्ट्रीत जायला नको. ट्रिगर आपोआप असला की ही अट जास्तच गरजेची, कारण मधे बघणारा माणूस नाही. रजिस्ट्रीत मॉडेलसोबत रन आयडी आणि कोडची आवृत्तीही टॅग म्हणून लिहा. महिन्याभराने 'हे मॉडेल कुठून आलं?' हा प्रश्न हमखास येतो.

८. कोणत्या एररला पुन्हा प्रयत्न करायचा

४०० आणि ४२२ म्हणजे तुम्ही पाठवलेल्यात खोट आहे. पुन्हा पाठवून उत्तर बदलणार नाही. ४०१ ला टोकन नवं घेऊन एकदाच प्रयत्न करा. ४०३ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही, ॲडमिनला गाठा. ४०४ ला डॅगचा आयडी आणि पत्त्यातली आवृत्ती तपासा. ४०९ चं वर आलंच आहे.

४२९ (फार रिक्वेस्ट झाल्या), ५०२, ५०३ (सर्व्हरची तात्पुरती अडचण) आणि टाइमआउट यांना पुन्हा प्रयत्न करायचा, पण दर वेळी थांबा वाढवत: दोन सेकंद, चार, आठ, आणि त्यात थोडी रँडम वेळ मिसळून, म्हणजे सगळ्या स्क्रिप्ट एकाच क्षणी दारावर आदळत नाहीत. उत्तराच्या हेडरमध्ये 'रिट्राय आफ्टर' असेल तर तेवढं थांबा. रन आयडी तुम्ही ठरवलेला नसेल, तर मात्र टाइमआउटनंतर पुन्हा प्रयत्न करूच नका. आधी सहावी पायरी करा.

हे झालं हाकेचं. पाइपलाइनच्या आतल्या टास्कचे पुन्हा प्रयत्न वेगळे, ते डॅगमध्ये ठरतात आणि एअरफ्लोमध्ये डिफॉल्ट शून्य असतात. डेटा आणणाऱ्या टास्कला दोन-तीन द्या. ट्रेनिंगच्या टास्कला देताना विचार करा, कारण मेमरी कमी पडून मेलेलं ट्रेनिंग तीनदा चालवलं तरी तीनदाच मरेल.

९. हाक कोण मारणार

आतापर्यंत हाक तुम्ही मारत होता. आता ती फाइल येण्याला जोडायची. फाइल ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या क्लाउड स्टोरेजमध्ये येत असेल तर तिथून सूचना निघते, ती एक छोटं फंक्शन उठवते आणि ते फंक्शन पाचव्या पायरीची रिक्वेस्ट करतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन.

एस-थ्रीची सूचना निदान एकदा येईल अशी हमी असते. कधी दोनदाही येते. रन आयडी फाइलवरून बनवलेला असेल तर दुसरी सूचना ४०९ घेऊन गुपचूप परत जाते.

सूचनेत फाइलचं नाव एन्कोड होऊन येतं. मोकळ्या जागेचं अधिकचं चिन्ह होतं, आणि 'कळमना भाव' असं देवनागरी नाव असेल तर टक्क्यांच्या चिन्हांची माळ येते. ती डीकोड न करता फाइल उघडायला गेलात तर फाइल सापडत नाही.

पाइपलाइनचं आउटपुट त्याच फोल्डरमध्ये लिहू नका. आउटपुट लिहिलं की सूचना, सूचना आली की पाइपलाइन, आणि हे फिरतच राहतं. क्लाउडचं बिल फुगवायचा हा जवळचा रस्ता आहे.

कोड बदलला की ट्रेनिंग व्हावं असं हवं असेल तर गिटहब ॲक्शन्स सोयीचं. तिथे हाताने किंवा एपीआयने चालवायच्या वर्कफ्लोची फाइल मुख्य ब्रँचवर असावी लागते. नुसती तुमच्या ब्रँचवर असेल तर ती हाकेला दाद देत नाही. बाहेरून तुमच्याकडे वेबहुक (दुसऱ्या सिस्टिमने आपोआप पाठवलेली रिक्वेस्ट) येत असेल तर त्यावरची डिजिटल सही तपासल्याशिवाय पाइपलाइन उठवू नका. नाहीतर पत्ता माहीत असलेला कोणीही तुमच्या खर्चाने ट्रेनिंग चालवेल. आणि वेबहुक घ्यायचा म्हणून एअरफ्लो सरळ इंटरनेटवर उघडा टाकू नका. मधे ते छोटं फंक्शन राहू द्या.

१०. हे सगळं कोडच्या शेजारी लिहून ठेवा

वेगळ्या ड्राइव्हवर ठेवलेलं डॉक्युमेंट चार महिन्यांत शिळं होतं. कोडच्या रेपोतच एक फाइल ठेवा आणि डॅग बदलणाऱ्या प्रत्येक बदलात तीही बदलली की नाही ते रिव्ह्यूमध्ये बघा. त्यात एवढं हवं:

- पाइपलाइन काय करते, दोन ओळींत. आणि बिघडली तर कोणाला सांगायचं. माणसाचं नाव नको, टीमचं द्या.
- जशीच्या तशी चालणारी एक कर्ल कमांड, टोकनच्या जागी व्हेरिएबलचं नाव असलेली.
- प्रत्येक पॅरामीटर: प्रकार, डिफॉल्ट, एक खरं उदाहरण.
- रन आयडी कसा बनतो आणि आवृत्ती कधी वाढवायची.
- नेहमी लागणारा वेळ, आणि किती वेळानंतर काळजी करायची.
- कधी ट्रिगर करू नये. आपल्याकडे बाजार बंद असलेले दिवस, आणि आदल्या रनचा निकाल लागला नसेल तेव्हा.
- चाललेला रन थांबवायचा कसा, आणि जुनं मॉडेल परत आणायचं कसं.
- सर्व्हिस अकाउंटच्या पासवर्डची मुदत कधी संपते आणि तो कोण बदलतं.

लिहून झालं की टीममधल्या अशा कोणाला तरी ती फाइल द्या ज्याने ही पाइपलाइन कधी चालवलेली नाही, आणि टेस्ट सर्व्हरवर तिच्यावरून एक रन काढायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण तोंड उघडू नका. तो जिथे 'भाऊ, हे काऊन होऊन राहिलं?' असं विचारेल, तिथे फाइलमध्ये एक ओळ वाढवा.